विश्लेषण : चेंडू हातात, निर्णय मात्र नाही... पालवणकर बाळूंना कर्णधारपद का मिळाले नाही?

अंतिम सामना हरला की दुसऱ्या दिवशी चर्चेचा विषय ठरलेला असतो. नवा चेंडू कोणाला दिला, फिरकीला आणायला उशीर का केला, ज्याच्या चेंडूवर फलंदाज चाचपडत होता त्याला मध्येच का थांबवले? १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषक हातचा गेला, तेव्हा मोहम्मद सिराजऐवजी मोहम्मद शमीकडे नवा चेंडू का सोपवला यावर देशभर वाद झडले. अशा वादात एक गोष्ट सगळे गृहीत धरतात. निर्णय चुकला असेल किंवा बरोबर असेल, पण तो घेण्याचा अधिकार कर्णधाराचाच. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतला वाद याच्याही एक पायरी अलीकडचा होता. संघातील सर्वांत यशस्वी आणि अनुभवी गोलंदाजाला कर्णधार का केले जात नाही, असा तो प्रश्न होता. त्या गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू. प्रभादेवीतील पी. बाळू मार्गावरून रोज हजारो लोक जातात. ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्यांची ही कहाणी.

पालवणकर बाळू कोण होते?

बाळूंचा जन्म १८७०च्या दशकात धारवाडचा. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे, त्यावरून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानला गेलेला. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि कुटुंब पुण्याला राहात असे. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही क्रिकेटपटू झाले. एकाच घरातून चार खेळाडू पुढे आले. यातील विठ्ठल यांनी नंतर ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

बाळू डावखुरे संथ फिरकी गोलंदाज होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही १५.२१च्या सरासरीने. कारकीर्द १९०५-०६ ते १९२०-२१ अशी पंधरा वर्षांची. आज एका हंगामात जितके सामने होतात, तितके तेव्हा अनेक वर्षांत होत. म्हणून हे आकडे लहान दिसले तरी त्यामागचे सातत्य मोठे आहे.

ते गोलंदाजी कुठे शिकले?

प्रशिक्षकाकडे नव्हे, नोकरीत. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये ते मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये लागले, तेव्हा पगार चार रुपये झाला. खेळपट्टी तयार करणे, चुन्याच्या रेषा मारणे, सरावाची जाळी उभारणे ही कामे होतीच. त्यातच सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम आले.

क्लबचा सर्वांत चांगला फलंदाज होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करायचा. आपल्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, रोज तासन्‌तास एका कसलेल्या फलंदाजाला चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला, यात शंका नाही. फलंदाजी करण्याची संधी मात्र या क्लबने त्यांना दिली नाही. बॅट साहेबाच्या हातात आणि चेंडू नोकराच्या हातात, अशी कामाची विभागणी होती.

पुण्याच्या हिंदू क्लबमध्ये वाद काय झाला?

पुण्यातील हिंदूंच्या क्लबला युरोपियनांना हरवायचे होते आणि युरोपियनांचा उत्तम फलंदाज ज्याच्यासमोर रोज सराव करतो तो गोलंदाज शहरातच होता. त्याला घ्यावे की नाही, यावर सभासदांत दोन तट पडले. काही तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूचे होते, तर काहींना ते नको होते. शेवटी जिंकण्याची गरज वरचढ ठरली आणि बाळूंना संघात घेतले गेले.

घेतले, पण अटीवर. मैदानात ज्यांच्या हातातून झेल सुटू नये म्हणून बाळू प्रार्थना करत, त्यांच्याबरोबर चहा घ्यायला मात्र त्यांना मुभा नव्हती. त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात येई. जेवणही वेगळे. चेंडू सगळ्यांनी हाताळलेला चालत होता, कप चालत नव्हता.

बाळूंच्या जिवावर पुण्याच्या संघाने युरोपियनांना नमवले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने तर बाळूंच्या फिरकीला उतारा म्हणून खेळपट्टी मुद्दाम रोलर फिरवून कडक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. त्यानंतर पुण्यात त्यांचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला का नकार देता, असा जाहीर जाब न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या काळात सभासदांना विचारला. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला.

मुंबईत आल्यावर काय बदलले?

पुण्यात प्लेगची साथ आली आणि १८९०च्या दशकाच्या अखेरीस बाळू मुंबईला आले. इथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघात जागाही. गिरगाव चौपाटीपासून जवळ समुद्रालगत असलेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. संघाचे तेव्हाचे कर्णधार कीर्तिकर यांनी बाळूंची बाजू लावून धरली आणि प्रवेश मिळाला.

मुंबईत जेवणाच्या पंगतीचा प्रश्नही हळूहळू सुटला. जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतर खेळाडूंबरोबर बसून खाऊ लागले. पुण्याच्या मानाने हे मोठेच पाऊल होते. पण इथून पुढे प्रश्न बदलला. एका टेबलावर जेवायला बसवणे एक आणि अकरा जणांनी ज्याचे ऐकायचे तिथे त्याला उभे करणे दुसरे.

१९०६चा सामना इतका महत्त्वाचा का?

फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले, त्यातील पाच दुसऱ्या डावात. बंगालच्या फाळणीनंतरचे आणि स्वदेशी चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवल्याचा आनंद शहरभर साजरा झाला.

‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने या विजयाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. युरोपियनांना हरवण्याइतकेच या दोन चर्मकार भावांना संघात घेणे महत्त्वाचे आहे आणि विजयामागे तेही एक कारण आहे, असा त्याचा रोख होता. पुढच्या वर्षीही हिंदूंनी युरोपियनांना हरवले. १९०७मध्ये युरोपियन, पारशी व हिंदू अशी तिरंगी आणि १९१२मध्ये मुस्लीम संघ आल्यावर चौरंगी स्पर्धा सुरू झाली. ही स्पर्धा मुंबईच्या वर्षातला मोठा सोहळा बनली.

तेव्हा कर्णधाराच्या हाती नेमके काय असे?

आजच्यापेक्षा अधिक. प्रशिक्षक नव्हता, विश्लेषक नव्हता, ड्रेसिंग रूममधून निरोप येत नव्हते. नाणेफेक जिंकल्यावर काय करायचे, फलंदाजीचा क्रम, क्षेत्ररक्षकांच्या जागा, डाव कधी घोषित करायचा, हे सारे एकाच माणसाने ठरवायचे. आणि सर्वांत मोठा निर्णय गोलंदाजीतील बदलाचा. फिरकी गोलंदाजासाठी तर तोच जीव की प्राण. त्याला दोन चौकार बसले म्हणून लगेच काढले तर त्याचा सापळा अर्धवट राहतो. थकल्यावरही टाकायला लावले तर त्याची धार जाते. कोणत्या टोकाकडून टाकायचे, सीमारेषेवर माणूस ठेवायचा की फलंदाजाच्या तोंडाशी आणायचा, हे ज्याला उत्तम कळते तो बहुतेक वेळा स्वतः गोलंदाजच असतो.

याशिवाय कर्णधार हा संघाचा चेहरा असे. प्रतिस्पर्धी कर्णधाराशी हस्तांदोलन, मान्यवरांशी ओळख, भोजनसमारंभातले भाषण त्याच्याकडे असे. म्हणून हे पद खेळातील कौशल्याइतकेच सामाजिक प्रतिष्ठेचे मानले जाई. हे केवळ मुंबईत नव्हते. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकाऐवजी हौशी उच्चवर्गीयाला कर्णधार करण्याची प्रथा होती. ती मोडून लेन हटन इंग्लंडचे कर्णधार झाले ते १९५२मध्ये. वेस्ट इंडिजने पूर्ण मालिकेसाठी फ्रँक वॉरेल या कृष्णवर्णीय खेळाडूकडे नेतृत्व सोपवले ते १९६०-६१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. मुंबईत आड येत होती ती जात.

१९११च्या दौऱ्याने काय सिद्ध झाले?

१९११मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग, जे मोजक्याच सामन्यांत खेळले. संघाची कामगिरी बेताची झाली. २३ सामन्यांपैकी १५ हरले आणि सहाच जिंकले. या पडझडीत बाळूंनी दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेतले. त्यातील ७५ बळी प्रथम श्रेणी सामन्यांतले होते, सरासरी २०.१२. अनोळखी हवामान, ओल्या खेळपट्ट्या आणि दररोज नवा प्रतिस्पर्धी अशा परिस्थितीत चाळिशीकडे झुकलेल्या गोलंदाजाने केलेली ही कामगिरी आहे.

परतल्यावर मुंबईत त्यांचे सत्कार झाले. दलित तरुणांसाठी बाळू हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव होते. मैदानावर साहेबाला हरवणारा आपल्यातला माणूस, ही त्यांची ओळख होती. त्यांच्या चाहत्यांत एक महाविद्यालयीन विद्यार्थीही होता. नाव भीमराव आंबेडकर.

मग कर्णधारपद कोणाकडे गेले?

१९१० ते १९२० या दशकात हंगाम जवळ आला की बाळूंना कर्णधार करा, ही मागणी होई. त्यांचे भाऊ आणि चाहते ती लावून धरत. निवड समिती ती बाजूला ठेवी. या काळात नेतृत्व प्रामुख्याने मुकुंद दामोदर पै यांच्याकडे होते. पै चांगले फलंदाज होते, १९११च्या दौऱ्यावरही गेले होते. ते ब्राह्मण होते आणि बाळूंना ज्येष्ठ होते असे नव्हे. उलट वयाने आणि अनुभवाने बाळूच मोठे.

पै यांनाही हे ठाऊक होते. १९१३मध्ये कर्णधार झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. म्हणजे ज्याला पद मिळाले तोच ते दुसऱ्याचे आहे म्हणत होता आणि पद देणारे गप्प होते.

यात निवड समितीच्या बाजूने काही म्हणता येईल का? उत्तम गोलंदाज उत्तम कर्णधार होतोच असे नाही, हा मुद्दा रास्त आहे. गोलंदाज कर्णधार झाला की तो स्वतःला जास्त किंवा कमी टाकायला लावतो, हा आक्षेप आजही घेतला जातो. पण हा आक्षेप तपासायची संधीच दहा वर्षांत एकदाही घेतली गेली नाही. हंगाम बदलले, निकाल बदलले, उत्तर बदलले नाही. तेव्हा कारण क्रिकेटचे नव्हते, असाच निष्कर्ष निघतो.

१९२० मध्ये नेमके काय घडले?

डिसेंबर १९२०च्या चौरंगी स्पर्धेसाठी संघ जाहीर झाला आणि त्यात बाळूंचे नावच नव्हते. वय चाळिशीच्या पुढे गेले होते, त्यामुळे या निर्णयाला क्रिकेटचे कारण देता येण्यासारखे होते. पण पुढच्या घटनेने ते कारणही पातळ केले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी नेतृत्व ज्येष्ठ विठ्ठल यांच्याकडे न देता दि. ब. देवधर यांच्याकडे दिले गेले. देवधर पुढे भारतीय क्रिकेटमधले थोर नाव ठरले, हे खरे. पण तेव्हा संघातील अनुभवाचा विचार केला तर विठ्ठल पुढे होते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. हा खेळाडूंचा बंडाचा पवित्रा होता आणि वर्षही साधे नव्हते. जानेवारीत आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले होते. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. डिसेंबरमध्येच काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा आग्रह धरला गेला. अशा वातावरणात हिंदूंच्या नावाने खेळणाऱ्या संघातच हिंदूंना जातीवरून मागे ठेवले जाते, हे लपवणे अवघड झाले. वृत्तपत्रांतून टीका झाली, लोकमत भावांच्या बाजूने वळले.

अंतिम सामना पारशांशी होता. पै परतले, तडजोड झाली, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले आणि भाऊही परतले. सामन्यादरम्यान पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळात बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. सामना अनिर्णित राहिला. पंधरा वर्षांच्या कारकीर्दीच्या शेवटच्या हंगामात, काही वेळापुरता, चेंडू कोणाला द्यायचा हे बाळूंनी ठरवले. पुढे १९३२मध्ये लॉर्ड्सवरील भारताच्या पहिल्या कसोटीत पोरबंदरचे महाराज बाजूला झाले आणि सी. के. नायडूंना नेतृत्व मिळाले. योग्य माणसासाठी नियुक्त माणसाने वाट सोडण्याची ही पद्धत मुंबईने आधीच पाहिली होती.

विठ्ठल कर्णधार झाल्यावर काय झाले?

१९२१ आणि १९२२मध्ये चौरंगीचे विजेतेपद हिंदू संघाला मिळाले नाही. १९२३मध्ये विठ्ठल पालवणकरांना कर्णधार करण्यात आले. त्या वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून हिंदू संघ विजेता ठरला आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. संघातील सर्व जातींचे खेळाडू एका चर्मकार कर्णधाराच्या सूचनेनुसार आपापल्या जागा बदलत होते आणि काहीही कोसळले नाही. दशकभर समितीला जी भीती वाटत होती ती निराधार असल्याचे एका स्पर्धेत दिसले. बाळू मात्र तोवर मैदानातून निवृत्त झाले होते.

बाळूंनी राजकारणात कोणती बाजू घेतली?

इथे कहाणीला वेगळे वळण मिळते. बाळू अस्पृश्यतेच्या विरोधात ठाम होते, पण त्यांचा मार्ग आंबेडकरांचा नव्हता. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत आंबेडकरांबरोबर बाळूही आहेत. धर्मांतराच्या १९३५मधील घोषणेशी ते सहमत नव्हते.

१९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. गिरणगावातील चाळींत, जिथे परळच्या बी. आय. टी. चाळीत आंबेडकरांनी अनेक वर्षे काढली होती, तिथे तरुणपणीचा चाहता आणि त्याचा नायक आमनेसामने आले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. फरक दोन हजारांच्या थोडा वर. मतदारांनी आंबेडकरांचा मार्ग निवडला, पण बाळूंना मिळालेली मतेही त्यांच्याविषयीचा आदर दाखवतात.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आज ही कहाणी का आठवायची?

हरल्यानंतर कर्णधारावर टीका होते आणि ती झालीच पाहिजे. गोलंदाजी बदलायला उशीर झाला, चुकीच्या टोकाकडून आणले, एक षटक जास्त दिले, या चुका खेळाचा भाग आहेत. पण चूक करण्यासाठी आधी निर्णय हाती असावा लागतो. बाळूंच्या १७९ बळींची नोंद आहे. कर्णधार म्हणून त्यांचे निर्णय चुकले की बरोबर ठरले, याची नोंद नाही; कारण ते निर्णय त्यांना घेऊच दिले नाहीत. हरलेल्या सामन्याचे खापर फोडले जावे, इतकाही अधिकार त्यांना मिळाला नाही.

निवड समितीने बाळूंचा डावा हात ओळखला होता. तो केव्हा थकतो, कोणत्या फलंदाजाला कसा अडकवतो, हे ओळखणारे डोकेही त्याच माणसाचे होते, ते मात्र मान्य करायला वेळ लागला. संघ निवडताना कोणाच्या हाती चेंडू द्यायचा याबरोबरच तो देण्याचा अधिकार कोणाकोणाला कधीच मिळत नाही, हेही पाहावे लागते. पराभवानंतरच्या चर्चेत हा दुसरा प्रश्न सहसा येत नाही. पी. बाळू मार्ग ज्यांच्या नावाचा आहे, त्यांनी तो पंधरा वर्षे मैदानावर उभा ठेवला.